एका जात्यावरची दोन गाणी

सहेरीला उठवणारा आवाज आता आमच्या घरात मोबाईलचा आहे. माझ्या लहानपणी तो जात्याचा होता. रमजानात दादीमाँ पहाटे तीनलाच उठायची. दिव्याच्या उजेडात सूप पुढ्यात घेऊन बसायची आणि सहेरीच्या भाकरीपुरती ज्वारी दळून घ्यायची. गिरणी गावात आली होती, पण 'गिरणीच्या पिठाला चव नाही' असं तिचं ठाम मत होतं. शेजारच्या काकूंचं जातं टाकवायला गेलेलं असलं, की त्याही आपली टोपली घेऊन आमच्याकडे येत. रोजा त्यांना नव्हता, पण पहाट दोघींची एकच होती.

दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. दादीमाँ आधी अल्लाचं नाव घ्यायची, मग नबींचं, मग पिराचं. तिचं गाणं दखनीत असे. ती दमली की काकू ओवी उचलायच्या. त्यात माहेर असे, भाऊराया असे, पंढरीची वाट असे. मी गोधडीत पडून ऐकायची. दोघींचे शब्द वेगळे होते, पण चाल एकच होती, कारण जात्याचा फेरा एकच होता. दखनी कुठे संपली आणि मराठी कुठे सुरू झाली, हे त्या वयात मला कधी कळलं नाही.

पुढे मी मराठी शिकले आणि आयुष्यभर मराठीच शिकवली. ओवी म्हणजे काय, जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाचा हात कसा लागतो, साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या कशा गोळा केल्या, हे सगळं वर्गात सांगत आले. पण दादीमाँ जे गात होती त्यालाही नाव आहे आणि साहित्याच्या इतिहासात जागा आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. विजापूरच्या सुफींवरच्या एका पुस्तकात 'चक्कीनामा' हा शब्द दिसला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. दादीमाँ तोवर गेली होती. तिचं एकही गाणं मी उतरवून घेतलेलं नव्हतं.

आज या पानावर लिहायचं आहे ते या चुकीबद्दल. ही चूक माझ्या एकटीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. दख्खनच्या साहित्याचं घर एक आहे. आपण त्यातलं सामान लिपी बघून दोन कपाटांत भरलं, एका कपाटावर 'मराठी' लिहिलं, दुसऱ्यावर 'उर्दू'. मग एकाची किल्ली एका मोहल्ल्यात राहिली आणि दुसऱ्याची दुसऱ्यात. आता परिस्थिती अशी आहे, की दोन्ही मोहल्ल्यांतल्या मुलांना दोन्ही कपाटं उघडता येत नाहीत.

चक्कीनामा म्हणजे काय ते आधी सांगते. सतराव्या शतकाच्या आसपास विजापूरच्या सुफींनी आणि त्यांच्या मुरिदांनी दखनीत छोटी छोटी गाणी रचली. दळताना गायचा तो चक्कीनामा, सूत कातताना गायचा तो चरखानामा. खानकाहीत फारसीतली जाड पुस्तकं होतीच, पण ती वाचणार कोण? शिकवण घरोघरी पोचवायची असेल तर ती बाईच्या हातातल्या कामातून पोचेल, हे त्या सुफींनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी जात्यालाच धर्मग्रंथाचं पान केलं. जात्याचा खुंटा अलिफ या अक्षरासारखा उभा, म्हणून तो अल्लाची आठवण. मधला आस म्हणजे नबी. देह हेच जातं, आणि दर फेऱ्याला एक नामस्मरण. दळण संपेपर्यंत तसबीहही पुरी होते.

आता आपल्या संतांकडे वळा. देह हेच जातं, संसाराचं दळण आणि दळताना देवाचं नाव, ही कल्पना वारकरी घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कुणी कुणाची नक्कल केली हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एकाच मातीत, एकाच ज्वारीवर जगणाऱ्या बायकांना देव भेटायचा तो स्वयंपाकघराच्या वाटेनंच भेटायचा, इतकं साधं हे आहे. विजापूर आज कर्नाटकात आहे, म्हणून ते आपलं नाही असं वाटू शकतं. पण आदिलशाहीचा मुलूख कृष्णेच्या दोन्ही काठांवर पसरला होता आणि तिथल्या दप्तरातही मराठीचा वावर होता. जात्यावरचं गाणं तालुक्याची हद्द विचारत नाही.

या प्रदेशाच्या साहित्याचा पहिला धागा हा कामाचा आहे. दुसरा धागा ऋतूंचा. गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशाह, ज्यानं १५९१ मध्ये हैदराबाद वसवलं, तो दखनीतला मोठा कवी. त्याच्या कवितेत इराणी बागेतल्या बुलबुलांसोबत वसंत आहे, आंबे आहेत, आणि 'मिरग' आहे. मिरग म्हणजे आपला मृग. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याचं नक्षत्र एका बादशहाच्या दिवाणात येतं, कारण पाऊस लांबला तर काळजी शेतकऱ्याला आणि बादशहालाही असते. विजापूरच्या इब्राहीम आदिलशाह दुसरा यानं 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह दखनीत केला, त्यात सरस्वतीला वंदन आहे. हे वाचून काही जण खूश होतात, काही जण नाराज. मला एवढंच वाटतं, की ज्याला गाणं आवडतं तो ज्या मातीत राहतो तिथल्या सुरांना नमस्कार केल्याशिवाय राहत नाही.

तिसरा धागा वादाचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा. एकनाथ महाराजांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड आपल्यापैकी किती जणांनी पूर्ण वाचलं आहे? त्यात गोडगोड काही नाही. दोघं एकमेकांच्या देवाधर्मातल्या उणिवा काढतात, टोमणे मारतात, अगदी आजच्या चौकातल्यासारखे भांडतात. पण शेवटी एकमेकांना मिठी मारतात. आधी मिठी आणि मग गप्प, असं नाही. आधी पोटातलं सगळं बोलून घेतलं, मग मिठी. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एका ब्राह्मणानं हे लिहिलं. त्या माणसाचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते, आणि परंपरा सांगते की जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सुफी फकीर होते.

याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणून श्रीगोंद्याचे शेख महंमद ओळखले जातात. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना मानत, अशी परंपरा आहे. त्यांचा 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ आहे. नावातच युद्ध आहे, पण ते आतलं युद्ध. माणसाचे विकार एका बाजूला आणि आत्मा दुसऱ्या बाजूला. रमजानचा रोजा ठेवणाऱ्याला हे युद्ध वेगळं समजावून सांगायला नको. दिवसभर पाण्याचा घोट समोर असून जो हात पुढे करत नाही, त्याला योगसंग्रामाचं पहिलं पान आपोआप कळतं. शेख महंमदांनी दोन्हीकडच्या ढोंगावर कोरडे ओढले, म्हणून दोन्हीकडच्या ढोंग्यांना ते अडचणीचे वाटले असणार. त्यांच्या जोडीला बिदरचे शहा मुंतोजी, जे मृत्युंजय या नावानं मराठीत लिहीत. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात ही सगळी मंडळी एकत्र आणली, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. आपल्या गावच्या वाचनालयात ते पुस्तक आहे का, एकदा विचारून बघा.

ओवी ही या प्रदेशाची परात आहे असं मला वाटतं. ज्ञानेश्वरांनी त्यात गीता वाढली, शेख महंमदांनी योगसंग्राम, आणि १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं तेही ओवीतच. वाढणारे वेगवेगळे होते, परात एकच होती.

देवाणघेवाण उलट्या दिशेनंही झाली. वली औरंगाबादी यांचा दिवाण १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि तोवर फारसीत रमलेल्या दिल्लीच्या कवींना कळलं, की आपल्या बोलीतही गझल लिहिता येते. म्हणजे ज्या उर्दू गझलेला आज सगळे लखनौ-दिल्लीची समजतात, तिचं एक पाऊल आपल्या मराठवाड्यातून पडलं आहे. वलींच्या मागून त्याच शहरात सिराज औरंगाबादी झाले. दोनशे वर्षांनी गझल पुन्हा इथे आली, ती मराठी होऊन. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी तिला मराठीचं अंगण दाखवलं आणि अमरावतीच्या सुरेश भटांनी तिला घरातच राहायला लावलं. आज तालुक्याच्या गावीसुद्धा मराठी गझलेचा मुशायरा होतो. तिथे वलींचं नाव किती जणांना आठवतं, हा प्रश्न मी नेहमी मनात ठेवून परत येते.

आणि शब्दांचं काय सांगावं! 'शाहीर' हा शब्द शायर या शब्दातून आला. ज्या दौतीत लेखणी बुडवली ती दौत, जिनं लिहिलं ती शाई, ज्यावर लिहिलं तो कागद, आणि जे लिहिलं तो मजकूर, सगळे फारसी-अरबीतून आलेले. तिकडे दखनी माणूस 'नको' म्हणतो, 'मैंच जाता' म्हणतो. हा 'नको' आणि हा 'च' लखनौच्या माणसाला विचारा, तो हसेल. ते आमचं मराठी माहेर आहे. जेजुरीचे सगनभाऊ हे धर्मानं मुसलमान, धंद्यानं शिकलगार. हत्यारांना धार लावता लावता त्यांनी मराठी लावणीलाही धार लावली. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा आवाज नसता, तर संयुक्त महाराष्ट्राची सभा अर्धीच भरली असती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, 'बाई, तुम्ही सगळं गुलाबी रंगात दाखवता.' आक्षेप रास्त आहे. या प्रदेशात लढाया झाल्या, देवळं पडली, माणसं मेली. दखनीतला थोर कवी नुसरती यानं 'अलीनामा' लिहिला तो आपल्या धन्याच्या, अली आदिलशाहाच्या लढायांची स्तुती करायला, आणि त्यातल्या शत्रूंमध्ये मोगलांबरोबर मराठेही आहेत. तो ग्रंथही याच घरातला आहे, आणि तोही वाचला पाहिजे. मी असं मुळीच म्हणत नाही, की पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. मी एवढंच म्हणते, की भांडत होते तेव्हासुद्धा एकमेकांचं ऐकू येईल इतक्या जवळ बसून भांडत होते. एकनाथांच्या भारुडातल्या दोघांना एकमेकांचा धर्म माहीत होता, म्हणून तर टोमणे अचूक बसत होते. आज आपल्याला एकमेकांबद्दल टोमणा मारण्यापुरतीही माहिती नसते.

याचा अनुभव मला वरचेवर येतो. कार्यक्रमात बोलून खाली उतरले, की कुणीतरी कौतुकानं म्हणतं, 'मॅडम, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!' म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हसून आभार मानते. घरी येताना मात्र वाटतं, माझ्या शेजारी बसलेल्या देशपांडे किंवा शिंदे आडनावाच्या बाईंना हे कधी कुणी म्हणत नाही. पाहुण्याच्या बोलण्याचं कौतुक होतं, घरच्याच्या बोलण्याचं होत नाही. चारशे वर्षं ओव्या लिहूनही आम्ही पाहुणेच?

पण दुसरी बाजूही सांगितली नाही तर ती बेइमानी होईल. एका लग्नात आमच्याच नात्यातल्या एकानं माझ्या मुलीला विचारलं, 'उर्दू पढने को नहीं आती? कैसे मुसलमान हो तुम लोगां?' तिनं मान खाली घातली. मला विचारावंसं वाटलं, की बाबा, हे 'लोगां' जे तू म्हणालास ते दिल्लीच्या उर्दूत चालत नाही, ते आपल्या दखनीचं आहे, आणि त्या दखनीची तर तुला स्वतःलाच लाज वाटते. आमच्याकडे दखनीला 'बिगडी हुई उर्दू' म्हणतात. सिनेमात ती विनोदी नोकराच्या तोंडी असते. ज्या भाषेत पंधराव्या शतकात 'कदमराव पदमराव' ही मसनवी झाली, १६३५ मध्ये मुल्ला वजहीनं 'सबरस'सारखं गद्य लिहिलं, तिला आम्हीच अशुद्ध ठरवून टाकली. आणि मुलांना घातलं इंग्रजी शाळेत. आता त्यांना दादीची दखनी समजत नाही, नस्तालिक लिपी वाचता येत नाही, आणि मराठी फक्त परीक्षेपुरती येते. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या हरवल्या म्हणाले, ते हेच.

अगदीच काही झालं नाही असंही नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते यू. म. पठाण, ज्यांनी आयुष्य महानुभाव आणि संत साहित्याच्या अभ्यासात घालवलं. तेव्हापासून आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कविता, कथा, आत्मकथनं लिहिली. त्यांत गरिबी आहे, तलाकचं दुःख आहे, दंगलीनंतरचं गप्प झालेलं घर आहे, भाड्यानं खोली न मिळण्याची गोष्ट आहे. त्याआधी कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६५ मध्ये 'इंधन' ही कादंबरी लिहिली. त्यांच्या इतर मतांशी कुणाचं पटो न पटो, पण कोकणी मुसलमानाचं गाव मराठी वाचकाला त्यांनी आतून दाखवलं. या लेखनाला वेगळं संमेलन लागावं, हे मला अभिमानाचंही वाटतं आणि थोडं खिन्नही करतं. मोठ्या घरात जागा पुरेशी मिळाली असती, तर वेगळा मांडव कशाला घातला असता?

मग करायचं काय? मोठ्या मागण्या मला जमत नाहीत, शाळामास्तरीण आहे, म्हणून गृहपाठ देते. मराठीच्या अभ्यासक्रमात एक पान दखनीचं असावं, देवनागरीत छापलेलं, कठीण शब्दांचे अर्थ खाली दिलेले. वली आणि सिराज यांचा परिचय मराठवाड्यातल्या मुलाला झालाच पाहिजे. उर्दू शाळांतल्या मुलांना शेख महंमदांच्या ओव्या शिकवाव्यात, आणि त्या शिकवताना 'हे आपले' असं शिक्षकानं मनापासून म्हणावं. वाचनालयांनी ईदच्या आठवड्यात एक टेबल या पुस्तकांचं मांडावं. एकादशीच्या आठवड्यातही तेच टेबल मांडावं, पुस्तकं बदलू नयेत.

आणि सगळ्यात सोपं, पण सगळ्यात घाईचं काम घरातलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांच्याकडे तेव्हा टेपरेकॉर्डर होता, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात त्याहून चांगलं यंत्र आहे. ज्या घरात ऐंशीच्या पुढची आजी, नानी, दादी आहे, त्या घरानं या महिन्यात तिच्याजवळ बसावं आणि तिला गायला लावावं. ती आधी नाही म्हणेल, 'अब क्या याद है रे' किंवा 'आता कुठलं आठवतं बाळा' म्हणेल. तिच्या हातात काहीतरी फिरवायला द्या. हात फिरला की गाणं येतं, हे मी पाहिलं आहे.

रमजान हा कुरआन उतरला तो महिना. पहिला शब्द उतरला तो 'इक्रा', वाच. प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांच्या भाषेतच बोलला, आणि माणसांच्या भाषांचं वेगळेपण ही निर्मात्याचीच निशाणी आहे, असं त्याच ग्रंथात सांगितलं आहे. मग माझ्या लोकांची भाषा कोणती? जातं फिरत असताना गोधडीतून ऐकू येत होती ती. तिची दोन नावं आहेत, पण मला ती एकच वाटत होती.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या सुनेकडे गेले होते. काकूही आता नाहीत. बोलता बोलता सून म्हणाली, 'आत्या, सासूबाई दळताना एक मुसलमानी गाणं म्हणायच्या, अल्लाचं. अर्थ त्यांनाही माहीत नव्हता, पण म्हणायच्या.' मी विचारलं, आठवतं का? तिनं डोळे मिटले, हात हवेत गोल फिरवला आणि दोन ओळी म्हणून दाखवल्या. दादीमाँच्या होत्या. माझ्या घरात हरवलेल्या दोन ओळी पलीकडच्या घरात जपून ठेवलेल्या निघाल्या.

मी त्या लगेच उतरवून घेतल्या. देवनागरीत.